घटना कळवली जाईल

‘हा वापरकर्ता परवानगीच्या यादीत नाही. ही घटना कळवली जाईल.’ पडद्यावर एवढंच उमटलं. कुणाला कळवली जाईल, ते उमटलं नाही. काळ्या चौकटीत पांढरी अक्षरं, आणि त्याखाली पुन्हा तो लुकलुकणारा ठोकळा, जणू काही घडलंच नाही, बोला पुढे. रविवारची दुपार होती. आतल्या खोलीत आई पडली होती. ताई छत्री दुरुस्तीला टाकून येते म्हणून बाहेर गेली होती. आणि मी खिडकीपाशी, जेवणाच्या टेबलावर, स्वतःच्याच घरात, पकडलेल्या माणसासारखा बसलो होतो. पहिली गोष्ट केली ती म्हणजे मागे वळून पाहिलं. मागे फ्रिज होता. मग पडद्याच्या वरच्या कडेतलं ते कॅमेऱ्याचं टाचणीएवढं भोक पाहिलं आणि त्यावर अंगठा ठेवला. अंगठा तिथेच ठेवून मी ते वाक्य पुन्हा वाचलं. अशी वाक्यं मला नवीन नाहीत. आमच्या प्रयोगशाळेतही असंच लिहितात: नमुना तपासला गेला, गढूळपणा आढळला. कोणी तपासला, कोणाला आढळला, ते वाक्यात नसतं. पण आमच्या कागदाच्या तळाशी दोन सह्या असतात. इथे तळाशी ठोकळा होता, आणि तो लुकलुकत होता.

हे मशीन, म्हणजे हा लॅपटॉप, तसं आमचं जुनंच, ताईचं आणि माझं मिळून. आत्मा मात्र महिन्याभरापूर्वी बदललेला. जुनी प्रणाली सुरू व्हायला एवढा वेळ घ्यायची की ताई तेवढ्यात अंघोळ उरकून यायची. मग एक दिवस ‘यापुढे या आवृत्तीची काळजी घेतली जाणार नाही’ अशी पाटी आली. ताई एका मोठ्या ग्रंथालयात संगणक सांभाळते. तिथे सगळी मशीनं तिने एका नव्या, मुक्त प्रणालीवर नेली होती, तेव्हापासून ती याबद्दल नुकतंच पोहायला शिकलेल्या माणसासारखी बोलायची. एका संध्याकाळी ती बोटाएवढी पेनड्राइव्हची काडी घेऊन आली, मशीनला टोचली आणि आमचा सगळा संसार एका डबीत काढून ठेवून आतून जागा पुसायला लागली.

“फुकट?” मी विचारलं.

“फुकट.”

“मग त्यांना काय मिळतं?”

“कुणाला?”

“ज्यांनी बनवलं त्यांना.”

“हजारो लोक आहेत रे. कुणाला मजा येते, कुणाला कशाचा तरी राग आलेला असतो. एकेकाला कुठे विचारत बसू?”

“आणि आत काय काय आहे, ते कोणी पाहिलंय?”

“उघडं आहे सगळं. वाच की तूच. कोट्यवधी ओळी आहेत, रविवारपर्यंत होतील तुझ्या.”

आतून आईचा आवाज आला, “त्याला फुकट काही देऊ नकोस गं. लहानपणी हातावर गोळी ठेवली तरी आधी हुंगायचा.”

“शंकासुर आहे तो,” ताई म्हणाली. घरात माझं नाव फारसं कोणी घेत नाही, हेच चालतं.

तिने मला माझं वेगळं खातं करून दिलं, पडद्यावरची भाषा आपली करून दिली. भाषांतरही कुणा अनोळखी लोकांनी हौसेने केलेलं, त्यामुळे मशीन कधी शेजाऱ्यासारखं बोलायचं, कधी कचेरीतल्या कारकुनासारखं. पहिल्या आठवड्यात मी त्याच्याकडे भाडेकरूकडे पाहावं तसा पाहायचो. काळ्या चौकटीत पासवर्ड टाइप करताना काहीच दिसायचं नाही. ठिपके नाहीत, चांदण्या नाहीत. बोटं चालतायत आणि समोर कोरं. मला वाटलं कीबोर्ड गेला. ताई म्हणाली, “किती अक्षरं आहेत तेसुद्धा मागच्या माणसाला कळू नये म्हणून.” म्हणजे मागे माणूस असतो हे यांनी धरूनच ठेवलंय, हे माझ्या डोक्यात बसलं. मग प्रिंटर. जुन्या प्रणालीत त्याची मनधरणी करता करता दोन कागद वाया जायचे. इथे मी नुसती तार जोडली आणि तो न कुरकुरता पानं काढायला लागला, तेव्हा तर माझी खात्रीच पटली की कुठेतरी पाणी मुरतंय. एखादी गोष्ट सहज चालली की मला मोजमाप चुकलंय असं वाटतं. हा धंद्याचा दोष असेल. मी पाणी तपासतो. स्वच्छ दिसणाऱ्या पाण्यावर माझा सगळ्यात कमी विश्वास आहे.

पण मी ती आज्ञा का दिली होती, जिच्यामुळे घटना कळवली जाणार होती? तर, काडी टोचायच्या आदल्याच आठवड्यात मी गॅलरीत टॉवेल काढायला गेलो होतो आणि ताई तिथे फोनवर होती. “हो, एक तारखेपासून चालेल,” असं ती म्हणत होती. मला पाहिल्यावर म्हणाली, “बरं, नंतर बोलते,” आणि टॉवेल तिनेच काढून माझ्या हातात दिला. “लायब्ररीतलं काम,” ती म्हणाली. मी विचारलं नव्हतं. न विचारता मिळालेलं उत्तर मी कधीही विसरत नाही. त्यानंतर एकेक गोष्ट मला दिसायला लागली: तिने आईच्या फायली लावून ठेवल्या, गिझरवाल्याला बोलावून घेतलं, स्वयंपाकघरातल्या बरण्यांना चिठ्ठ्या चिकटवल्या. आणि मशीन. आपण घर सोडताना जागा झाडून देतो, तसं मला हे मशीन झाडून दिल्यासारखं वाटायला लागलं. त्यातून एक दिवस, या नव्या प्रणालीत फिरता फिरता, मी तिच्या खात्याच्या दारात जाऊन पोचलो. गंमत अशी की दार उघडं होतं. तिचे फोटो, लायब्ररीच्या याद्या, सगळं दिसत होतं. त्यात एकाच फोल्डरवर छोटं कुलूप होतं. त्याचं नाव होतं ‘पुढचं’.

ती एक तारीख आली आणि गेली. ताई कुठेच गेली नाही. माणसाला यावर हायसं वाटायला हवं. मला वाटलं नाही. निष्कर्ष यायला उशीर होतोय एवढंच मी मनाशी म्हणालो. सरळ विचारता आलं असतं. पण विचारणं म्हणजे समोरच्याला उत्तर तयार करायला वेळ देणं. आणि दुसरं, खरं कारण होतं ते आईच्या डोळ्यांत. तिला काचबिंदू आहे. सकाळ-संध्याकाळ दोन बाटल्यांमधलं औषध, एकेक थेंब, दोन्हींच्या मध्ये दहा मिनिटं. चुकलं तर जेवढं दिसतंय तेवढंही जाईल, आणि गेलेलं परत येत नाही, असं डॉक्टरांनी माझ्याकडे बघून सांगितलं होतं. हे थेंब ताई घालते. मी एकदाच घातले होते, दोन वर्षांपूर्वी. हात थरथरला, बाटलीचं टोक आईच्या डोळ्याला लागलं, दोन दिवस डोळा लाल होता. आई म्हणाली, “काही नाही रे, एवढं काय,” आणि त्यानंतर संध्याकाळी ताईच्या पावलांची चाहूल लागेपर्यंत डोळे मिटून बसायला लागली. माझ्याजवळ तिने पुन्हा मान मागे केली नाही. ‘पुढचं’ या फोल्डरमध्ये ताईचं जाणं असेल, तर त्याच्या मागोमाग त्या दोन बाटल्या माझ्या हातात येणार होत्या.

म्हणून मी परक्यांना विचारलं. या प्रणालीची एक चावडी आहे, जगभरचे लोक तिथे एकमेकांच्या अडचणी सोडवतात, तेही फुकट. मी लिहिलं: माझ्याच मशीनवर मला एक फोल्डर उघडता येत नाही. दहा मिनिटांत ‘म्हातारं कासव’ नावाच्या कुणीतरी आज्ञेपुढे कोणता शब्द लावला की ती मालकाच्या अधिकाराने चालते, ते समजावून दिलं. खाली आणखी एक ओळ होती: ‘फोल्डर नक्की कुणाचा आहे?’ मी ती खिडकी बंद केली. जगाच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या कासवाला हा प्रश्न सुचतो, याचा मला राग आला. मग तो शब्द लावून मी आज्ञा दिली, आणि घटना कळवली जाईल असं उत्तर आलं. माझं टायपिंग चुकलं असेल म्हणून पुन्हा दिली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा पासवर्ड हळू टाकला, एकेक अक्षर दाबून. तीन वेळा. त्यानंतर मी मशीन मिटलं आणि त्यावर वर्तमानपत्र ठेवलं.

मी सात वर्षांचा असताना ताईकडे एक पत्र्याची पेटी होती, शाळेच्या दप्तराएवढी, पितळी कुलूप लावलेली. तिच्यात काय आहे हा प्रश्न मला दात हलत असल्यासारखा सतत जाणवायचा. एका दुपारी कंपासच्या टोकाने मी ते कुलूप काढलं. आत सुकलेली पानं, एक तुटकं घड्याळ, मैत्रिणींच्या चिठ्ठ्या, मी फाडून टाकलेली माझीच चित्रं चिकटवून जोडलेली. सगळं होतं तसं ठेवून मी कुलूप लावलं. संध्याकाळी ताईने माझा हात हातात घेतला, उलटा केला, बोटांकडे पाहिलं आणि सोडून दिला. तिने कुलपावर पावडर भुरभुरली होती. माझी बोटं पांढरी होती. ती मला बोलली नाही, आईलाही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवसापासून पेटीला कुलूप नव्हतं. मी पंधरा दिवस धीर धरला आणि मग उघडली. ती रिकामी होती. कुलूप असतं तेव्हा आत काहीतरी असतं, आणि कुलूप निघालं की काही नसतं, हा माझ्या आयुष्यातला पहिला नियम मी असा प्रयोगाने शिकलो.

सोमवारी प्रयोगशाळेत बाटल्या आल्या होत्या. शहराच्या सोळा ठिकाणांहून आलेलं पाणी, प्रत्येक बाटलीच्या गळ्यात जागा, वेळ आणि भरणाऱ्याची आद्याक्षरं. मला ती आद्याक्षरं पाहून बरं वाटतं. ब्युरेटच्या काचनळीची कळ दोन बोटांत धरून मी थेंब सोडत होतो. रंग जातो तो एका थेंबात जातो, त्याच्या आधीच्या थेंबापर्यंत काही कळत नाही, म्हणून शेवटी शेवटी थांबत थांबत जावं लागतं. त्या कामात माझा हात कधीच कापत नाही. आमचे वरिष्ठ शेजारी येऊन उभे राहिले. त्यांना आम्ही पाठीमागे ‘दशांश’ म्हणतो, कारण कुणी सात म्हटलं की ते विचारतात, सात पूर्णांक किती? त्यांनी माझं रजिस्टर उचललं. सकाळपासून माझं लक्ष ताईच्या फोनवर होतं (तो मी घरून निघायच्या आत दोनदा वाजला होता), त्या नादात मी एका तीनाचा आठ केला होता, वरून गिरवून.

“हे काय?”

“चुकून तीन पडला होता, सर.”

“मग तो कुठे गेला?”

“आठ केला.”

“खाल्लात तुम्ही त्याला. तीन वाचता येतोय का मला? एक रेघ मारायची, खालचं दिसलं पाहिजे, शेजारी नवा आकडा, सही. किती वर्षं झाली इथे?”

“तीन, सर.”

“तीन पूर्णांक?”

हा नियम मी पहिल्या वर्षी घरी जेवताना सांगितला होता. ताई खूप हसली होती. “तुमच्या दशांशांनी बायकोच्या नावावरही एक रेघ मारून ठेवली असेल, खालचं दिसेल अशी.” पण नंतर ती दूधवाल्याच्या चिठ्ठीवरसुद्धा तशीच खाडाखोड करायला लागली: एक बारीक रेघ, शेजारी सही. म्हणायची, “छान आहे रे हे. माणसाचं मन कुठे बदललं ते दिसतं.”

तो आठवडा मी ताईकडे पाहण्यात घालवला. कळवली जाईल म्हणजे तिलाच, एवढं मला उघड दिसत होतं; यादी तिची, मशीन तिने लावलेलं. प्रश्न फक्त कळलंय का एवढाच होता. सोमवारी रात्रीच्या जेवणाला तिने विचारलं, “मशीन त्रास नाही ना देत?” हा साधा प्रश्न असू शकत होता. मंगळवारी तिने आईच्या डोळ्यांत थेंब घालताना मला हाक मारली, “जरा इथे उभा राहा, उजेड अडवू नकोस, नुसतं बघ.” याआधी तिने कधी बघायला बोलावलं नव्हतं. तिने आईची खालची पापणी बोटाने किंचित खाली ओढली, बाटली हवेत धरली, आणि थांबली. थेंब पडला. आईने डोळे मिटले. ताईने घड्याळ लावलं आणि दहा मिनिटं संपायची वाट पाहत आम्ही तिघंही बसलो. बसल्या बसल्या आई म्हणाली, “रविवारी दुपारी काय रे ठोकत होतास तेच तेच? ताई बडवते तेव्हा पाऊस पडल्यासारखं वाजतं. तू एकेक दाबतोस. सात वेळा तेच एक वाजवलंस. मला वाटलं काही बिघडलं.”

“तीन वेळा,” मी म्हणालो.

“सात,” आई म्हणाली. “मला दिसत नाही, ऐकू येतं.”

ताई घड्याळाकडे पाहत होती. मी तिचा चेहरा तपासला, कपाळ, ओठ, बाटलीवरची बोटं. काहीच आढळलं नाही. पाणी अगदी स्वच्छ दिसत होतं.

गुरुवारी संध्याकाळी मी आवाज शक्य तितका सपाट ठेवून म्हणालो, “ताई, मला त्या यादीत घाल ना. परवानगीच्या. प्रत्येक वेळी काही बसवायचं झालं की तुझी वाट बघावी लागते.” मी तीन कारणं तयार करून आणली होती. एकही लागलं नाही. ती खुर्चीत बसली, पावसासारखं काहीतरी वाजवलं, आणि म्हणाली, “घातलं.”

“एवढ्यात?”

“मग काय, वाजतगाजत घालायचं होतं?”

“कशाला हवंय ते नाही विचारलंस.”

“कशाला विचारू? मशीन तुझंही आहे.” ती उठली. जाताना माझ्या डोक्यावर टपली मारली, हलकीच, लहानपणी मारायची तशी. “आता तू आणि मी सारखेच. जे मला दिसतं ते तुलाही दिसेल, शंकासुरा.”

त्या टपलीचा अर्थ लावण्यात माझी अर्धी रात्र गेली. एवढ्या सहज दार उघडून देणारा माणूस एक तर निर्मळ असतो, नाही तर त्याने खोली आधीच रिकामी केलेली असते.

शुक्रवारी नमुने कमी होते. दशांशांनी तीन वाजता सोडलं. घरी आलो तेव्हा आई गॅलरीत उन्हाला पाठ करून बसली होती. ताई साडेपाचला येते. मी टेबलाशी बसलो. आता मला कुठेही जाता येत होतं, पण फोल्डरकडे जायच्या आधी मला ती कळवलेली घटना शोधायची होती. काय कळवलं, कसं कळवलं. आणि खरं सांगायचं तर ती पुसून टाकायची होती. शोधायला वेळ लागला नाही. कुणाच्या फोनवर काही जात नव्हतं, कुठल्या कचेरीत घंटा वाजत नव्हती. मशीनच्या पोटात एक साधी वही होती, तिच्यात एकेका ओळीत सगळं लिहून ठेवलेलं: तारीख, तास, मिनिट, सेकंद, कोण, आणि कोणती आज्ञा, जशीच्या तशी. रविवारच्या ओळी मी वर सरकवत गेलो. दोन वाजून अकरा मिनिटं. माझं नाव, यादीत नाही, आणि पुढे पूर्ण आज्ञा: ताईचं खातं, ‘पुढचं’, दाखव. दोन वाजून बारा मिनिटं. दोन वाजून बारा मिनिटं, पुन्हा. मी मोजल्या. परत खालून वर मोजल्या. सात. सात पूर्णांक शून्य. शेवटची दोन वाजून एकवीस मिनिटांची होती. म्हणजे दहा मिनिटं, दोन बाटल्यांच्या मध्ये थांबतात तेवढा वेळ, मी त्या दारावर धडका देत होतो आणि मला त्यातल्या तीन आठवत होत्या. माझ्या डोळ्यांनी पाहिलेलं चूक होतं आणि आईने मिटल्या डोळ्यांनी ऐकलेलं बरोबर होतं. इतके दिवस मी या मशीनवर संशय घेत होतो, की हे माझ्याबद्दल काहीतरी खोटं पसरवेल. ते माझ्याबद्दल खरं लिहीत होतं.

मग मी ओळी खाली आणल्या, सात निवडून पुसायच्या म्हणून, आणि सोमवारवर थांबलो. सोमवार, सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटं. ताईचं नाव. आज्ञा: ही वही उघड. म्हणजे तिने वाचलं होतं. मी दशांशांसमोर तीनाचा आठ करण्याच्या आधीच तिने वाचलं होतं, आणि त्यानंतर जेवायला वाढलं होतं, थेंब घालताना उजेड अडवू नकोस म्हणाली होती, यादीत घातलं होतं, टपली मारली होती. आणि वहीच्या अगदी तळाशी, आजच्या तारखेत, चार वाजून दोन मिनिटं: माझं नाव, आज्ञा, ही वही उघड. मी आता काय करतोय तेही लिहून झालं होतं. पुसलं असतं तर पुसल्याचंही लिहून झालं असतं. तिने वाचलं हे मी वाचलं हे ती वाचणार. या जिन्याला खालची पायरीच नव्हती. मी वही बंद केली. काही पुसलं नाही. पुसून उपयोग नव्हता म्हणून. त्याला चांगुलपणा म्हणता येणार नाही.

ताईच्या खात्याच्या दारात गेलो, आणि ‘पुढचं’ समोर आलं. त्यावर कुलूप नव्हतं. बदलाची तारीख सोमवार, आठ वाजून पंचेचाळीस. यादीत असण्याची गरजच नव्हती. सोमवारपासून ते फोल्डर कुणालाही उघडता आलं असतं. मीच पुन्हा बघायला गेलो नव्हतो. हात माउसवर होता आणि बोटांना पावडर लागल्यासारखं वाटत होतं. कुलूप निघालं की काही नसतं. पेटीचा पत्रा उन्हात तापला की कसा वास यायचा, तो वास मला आला. आत काही नसेल तर काय? तर ती मला पुन्हा काही दाखवणार नाही, आणि यावेळी पंधरा दिवसांत नाही, कधीच नाही. गॅलरीतून आई म्हणाली, “आज ठोकत नाहीयेस?” मी म्हटलं, “नाही.” आणि उघडलं.

दोन कागद होते. पहिला नेमणुकीचं पत्र, दुसऱ्या शहरातल्या ग्रंथालयाचं, इथून सहा तासांवर. तिथली सगळी मशीनं हिच्या हाताखाली. चार महिन्यांपूर्वीची तारीख. दुसरा कागद तिने स्वतः लिहिलेला, आणि त्याचं शीर्षक माझं नाव होतं, घरात कोणी घेत नाही ते. खाली आईचं सगळं: कुठल्या डॉक्टरांना कधी दाखवायचं, फायली कुठल्या कप्प्यात, गिझरचं बटण दोनदा दाबावं लागतं, आई रुसली तर काय वाचून दाखवायचं. मग: ‘थेंब. पापणी खाली, बाटली डोळ्याला टेकवायची नाही, वरून धर. तू ब्युरेटला धरतोस तसाच हात. तिथे तुझा हात कापत नाही असं तूच सांगतोस. एकच थेंब, आणि थांब. घाबरत असशील तर तिला आधी सांग, ती तुझ्यापेक्षा कमी घाबरते.’ आणि कागदाच्या शेवटी एक ओळ. रुजू होण्याची तारीख: या महिन्याची एक. त्यावर एक बारीक रेघ, खालचं वाचता येईल अशी. शेजारी, ‘आईची तपासणी’, आणि ताईची सही. त्यापुढे: पुढच्या महिन्याची एक. त्यावरही रेघ. शेजारी, ‘शंकासुर अजून तयार नाही’. सही. सोमवारची तारीख. त्यापुढे कोरी जागा.

मी ती कोरी जागा बराच वेळ पाहत राहिलो. माझ्या सात ओळी तिने वाचल्या, आणि पाच मिनिटांत कुलूप काढलं, आणि स्वतःच्या जाण्यावर रेघ मारली. ती जाणार हा माझा संशय बरोबर होता. ती जाऊ शकली नाही ती त्या संशयामुळेच. निरीक्षकाचा हात लागला की नमुना बदलतो, हे पहिल्या वर्षाला शिकवतात; मी ते पाठ करून गुणही मिळवले होते. बरं वाटावं अशी एक गोष्ट आत कुठेतरी होतीच: मी हे वाचलंच नाही असं ठरवलं तर ताई इथेच राहील. कोरी जागा कोरीच राहील. बाटल्या तिच्या हातात. कुणाला काही कळणार नाही, एका वहीशिवाय. हा विचार माझ्या मनात किती वेळ होता ते मोजलेलं नाही. साडेपाच व्हायला वीस मिनिटं होती तेव्हा तो होता.

मग मी त्या कोऱ्या जागेत लिहिलं: पुढच्या महिन्याची चौदा. एक तारीख फार जवळ होती. मला शिकायला तेवढे दिवस लागतील. शेजारी माझी आद्याक्षरं टाकली. ती तिच्या सहीशेजारी चोरासारखी दिसत होती, पण वाचता येत होती.

किल्ली फिरली. माझं बोट आपोआप खिडकी बंद करायच्या खुणेकडे गेलं. मी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले. ताईने एक बूट काढला, मग दुसरा, छत्री दाराला टेकवली.

“दुरुस्त झाली का गं?” आईने गॅलरीतून विचारलं.

“झाली. एकच काडी होती.” मग माझ्याकडे, “तू लवकर?”

“मी तुझं उघडलं,” मी म्हणालो. “रविवारी प्रयत्न केला होता. सात वेळा.”

“माहितीये.”

“मला तीन वाटत होत्या.”

“ते नव्हतं माहीत,” ती म्हणाली. ती माझ्या मागे येऊन उभी राहिली. मागे माणूस असताना मला बसवत नाही, पण बसलो. तिने माझ्या खांद्यावरून वाकून पडद्यावरची शेवटची ओळ वाचली. तिचा श्वास ऐकू येत होता. चेहरा मला दिसत नव्हता, आणि काळ्या पडद्यात तो दिसतो का हे शोधायला मी डोळे हलवले नाहीत.

“ही सही कुणाची?”

“माझी.”

“संध्याकाळचे थेंब कोण घालणार?”

“मी. तू उजेड अडवू नकोस.”

“आधी मला सांग हं,” आई गॅलरीतून म्हणाली. “मी मान मागे करते.”

ताईने ती ओळ पुन्हा वाचली. मग तिने माझ्या दोन्ही बाजूंनी हात पुढे घातले, आणि पाऊस पडल्यासारखं नाही, एकेक अक्षर दाबून, माझ्या चौदावर एक बारीक रेघ मारली. खालचं वाचता येत होतं. शेजारी तिने पंधरा लिहिलं आणि सही केली.

“चौदाला रविवार आहे, शंकासुरा,” ती म्हणाली.

कॅलेंडर माझ्या मागेच, फ्रिजच्या दारावर होतं. मी वळून पाहिलं नाही.